गुरुजींवर टाक

दोष साहेबाचा. हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो, म्हणजे पुढे वाचताना तुम्ही भुताच्या नावाने खडे फोडणार नाही. भुताने माझं काहीच वाकडं केलं नाही. त्याने आपलं काम वेळेत केलं, चोख केलं आणि लेखी दिलं. आमच्या ऑफिसात असं करणारा तो एकटाच होता, आणि तो मेलेला होता.

साहेब म्हणजे माझ्या वडिलांचा वर्गमित्र. मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं तेव्हा वडील आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी मला साहेबाच्या केबिनमध्ये नेऊन उभं केलं आणि म्हणाले, "तुमच्या पायाशी आणून सोडलाय. कान उपटा, काय हवं ते करा." माणूस कुत्र्याचं पिल्लू दुसऱ्याला देतानासुद्धा एवढा वाकत नाही. साहेब हसला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "याचा भाऊ सोनं आहे. हा काय निघतो बघू."

भाऊ म्हणजे दादा. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. त्याच कंपनीत सात वर्षं मेकॅनिक.

कंपनी लिफ्टची देखभाल करायची. शहरभर सव्वादोनशे लिफ्ट आणि मेकॅनिक फक्त पाच. माझ्याकडे तक्रारीचं टेबल. फोन घ्यायचा, तक्रार शीटवर उतरवायची, भिंतीवरच्या फळ्यावर लिहायची. मेकॅनिक जाऊन आला की तपासनीसाने 'तपासले, ठीक' असा शिक्का मारायचा आणि मी फळ्यावरून ती ओळ पुसायची. काम एवढंच. शाळेतल्या पोरालाही जमलं असतं, पण शाळेतल्या पोराला साहेबाचे नियम झेपले नसते.

पहिला नियम, पाचला फळा कोरा. लिफ्ट चालो, पडो, अधांतरी लटको, पाच वाजता फळ्यावर एक अक्षर दिसता कामा नये, कारण सव्वापाचला साहेब फळ्याचा फोटो काढून मुख्य ऑफिसला पाठवायचा. दुसरा नियम, प्रत्येक चुकीला नाव. चूक झाली की लाल वहीत नोंद, नोंदीसमोर माणसाचं नाव, त्या माणसाला मेमो, आणि मेमोला पाचच्या आत हाताने लिहिलेला खुलासा. तीन मेमो झाले की घरी. कामाला लागल्यापासून पाच महिन्यांत माझे दोन झाले होते. एक हसल्याबद्दल होता.

आणखी एक नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांच्या अंगात भिनलेला होता. दुसऱ्याच्या टेबलावरचा फोन उचलायचा नाही. जो उचलेल, तक्रार त्याची. फोन वाजून वाजून मेला तरी शेजारचा माणूस कागदात डोकं घालून बसायचा. मोबाइल तर सकाळीच बाईंच्या टेबलावरच्या पत्र्याच्या डब्यात जायचे. बाई म्हणजे हेडक्लार्क. तेवीस वर्षं नोकरी, आणि तेवीस वर्षांत एकाही गोष्टीवर मत नाही.

केबिनच्या बाहेर एक लाकडी बाक होता. खुलासा द्यायचा तर तिथे बसायचं. साहेब बोलावेपर्यंत उठायचं नाही. उठलात तर नंबर गेला, उद्या या. बाकाचा एक पाय आखूड होता. बसलेल्या माणसाने अंग जरा हलवलं की फरशीवर आवाज व्हायचा, टक. साहेब आतून त्या आवाजावरून ओळखायचा की बाहेर कोणीतरी तिष्ठत बसलंय, आणि त्याला ते आवडायचं, असं दादा म्हणायचा.

आता गुरुजी.

गुरुजी आमचे जुने तपासनीस. मी त्यांना पाहिलेलं नाही. पाचही मेकॅनिकना काम त्यांनी शिकवलं, म्हणून गुरुजी. पाठ कायम दुखायची, म्हणून अंगाला बामाचा वास. मी लागण्याच्या दोन वर्षं आधी त्यांनी न पाहिलेल्या एका लिफ्टवर शिक्का मारायला नकार दिला. फळा कोरा झाला नाही. मेमो आला. त्यांनी खुलासा लिहिला आणि सकाळी अकराला बाकावर जाऊन बसले. साहेबाने बोलावलं नाही. जेवणाची सुट्टी झाली, चहा झाला, पाच वाजले. बाई दिवे बंद करायला उठल्या तेव्हा गुरुजी अजून बसलेलेच होते, मांडीवर कागद, मान थोडी पुढे. बाईंनी दार ढकलून विचारलं, "साहेब, गुरुजी बसलेत." साहेब म्हणाला, "उद्या या म्हणावं."

बाईंनी खांद्याला हात लावून ते सांगायचा प्रयत्न केला. अंग गार होतं. म्हणे तीन तासांपूर्वीच गेले असावेत. बाकाचा आवाज मात्र पाचपर्यंत येत होता, असं बाई एकदाच बोलल्या, आणि मग चष्मा पुसत बसल्या.

एवढं झाल्यावर माणसं शहाणी होतील असं तुम्हाला वाटत असेल. आमच्या मोठ्यांनी काय केलं सांगतो. गुरुजी गेल्याचं साहेबाने मुख्य ऑफिसला कळवलंच नाही, कारण तपासनीसाची जागा रिकामी दाखवली तर प्रश्न विचारले गेले असते. गुरुजींचा शिक्का त्यांच्या टेबलाच्या खणात तसाच राहिला. मग एके दिवशी कोणीतरी पाचला दहा कमी असताना तो खण उघडला. तिथून पद्धतच पडली. न पाहिलेली लिफ्ट असेल तर गुरुजींचा शिक्का. लाल वहीत नाव हवं असेल तर गुरुजींचं नाव. गुरुजींच्या नावाने मेमो निघायचा, त्यावर साहेब सही करायचा आणि तो मेमो त्यांच्याच खणात जायचा. खण भरत आला होता.

"टाक गुरुजींवर," असं म्हणायचे. "मेलेल्या माणसाला आणखी काय होणार?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीसुद्धा हसलो होतो. तो हसल्याबद्दलचा मेमो नव्हता, तो वेगळा.

दादा या पद्धतीत कधी शिरला नाही. त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "काहीही कर, पण त्या शिक्क्याला हात लावू नकोस. त्या माणसाने न बघता कधी शिक्का मारला नाही."

मी म्हणालो, "तू फार भाबडा आहेस."

"असेन. हात लावू नकोस."

मंगळवारी संध्याकाळी चार वाजून चाळीस मिनिटांनी फोन आला. सात मजली इमारत, चौथ्या मजल्यावरून एक बाई बोलत होत्या. शांत आवाज. "आमच्या मजल्यावरचं लिफ्टचं दार बघाल का? लिफ्ट खाली असताना पण उघडतंय. आत नुसता अंधार. माझा नातू इथे खेळतो हो."

मी शीट भरलं, फळ्यावर लिहिलं. पाचही मेकॅनिक बाहेर. केबिनचं दार अर्धवट उघडलं आणि साहेबाचा फक्त चेहरा बाहेर आला. त्याने फळ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय हिरो? फळा कोणी पुसायचा, तुझ्या बापाने?"

"साहेब, ही तक्रार जरा—"

"मी तक्रार विचारली? मी फळा विचारला." दार बंद.

बाईंनी मान वर केली नाही. एवढंच म्हणाल्या, "पंधरा मिनिटं आहेत रे. खण उघडाच आहे."

मी उठलो. कुठल्याही मोर्च्यात पुढे असणारा मी, बापाला तोंडावर भित्रा म्हणणारा मी, मुकाट्याने गुरुजींच्या टेबलापाशी गेलो, खण ओढला आणि शिक्का मारला. 'तपासले, ठीक.' वेळ घातली चार सत्तेचाळीस. शाईच्या डब्याचं झाकण लावताना नाकात बामाचा वास शिरला. मला वाटलं खणात जुनी डबी असेल. खणात फक्त मेमो होते.

बुधवारी सकाळी माझ्या ट्रेमध्ये एक कागद होता. रेघांचा, मधोमध नीट दुमडलेला. अक्षर सरळ, टपोरं, जुन्या वळणाचं.

'विषय: मंगळवारची तक्रार. सदर लिफ्ट मी तपासलेली नाही. चार वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी शिक्का मारला गेला तेव्हा मी जागेवर नव्हतो. मी बाकावर होतो. कळावे.'

खाली सही नव्हती. सहीच्या जागी गुरुजींच्या शिक्क्यावरचा तपासनीस नंबर होता. चार.

मला राग आला. मी कागद घेऊन बाईंसमोर उभा राहिलो. "हा कोणाचा चावटपणा?"

बाईंनी कागद वाचला. पहिल्या ओळीवर नव्हे, अक्षरावरच त्यांची नजर थांबली होती. त्यांच्या हातातलं पेन टेबलावर पडलं, गडगडत खाली गेलं, ते त्यांनी उचललं नाही.

"फाड तो," त्या हळूच म्हणाल्या.

"कोणी लिहिलाय?"

"फाड म्हटलं ना... फाड आणि पाणी पी."

मी फाडला. त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला ऑफिसात पंखे आणि टाइपचा खटखटाट सोडून काही आवाज नव्हता. उन्हाचा पट्टा बाकावर पडला होता. बाक रिकामा होता. मी त्याच्याकडे बघत असतानाच आवाज झाला. टक.

थोड्या वेळाने पुन्हा. टक.

कोणीही वर पाहिलं नाही. इतके ठरवून, इतके एकजुटीने लोक खाली बघत होते की मला कळलं, हा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो, त्यांनी दोन वर्षं ऐकला होता. आणि आत साहेबाने रोजच्यासारखं ओरडून सांगितलं, "बसा जरा! कामात आहे."

गुरुवारी दुसरा कागद.

'शिक्का माझा असल्याने काल जाऊन आलो. चौथ्या मजल्याचे दार लिफ्ट तेथे नसताना उघडते. दाराचे कुलूप आतून झिजले आहे. लिफ्टमधला दिवाही गेलेला आहे, त्यामुळे लिफ्ट आहे की नाही हे चटकन कळत नाही. दारापाशी तीन चाकांची लाल सायकल होती, ती आधी हलवली. लिफ्ट तातडीने बंद ठेवावी. कळावे.'

शाई ओली होती. माझ्या अंगठ्याला लागली.

तक्रार करणाऱ्या बाईंना मी फोन लावला. विचारलं, "काल आमच्याकडून कोणी आलं होतं का? वयस्कर गृहस्थ?"

"नाही हो, कुणीच नाही आलं. मी वाटच बघतेय."

"तुमच्या दारापाशी सायकल आहे का? तीन चाकांची?"

"लाल? आहे ना, नातवाची. काल दुपारी कोणीतरी ती उचलून जिन्याच्या कोपऱ्यात ठेवली. मला वाटलं वॉचमन." त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्हाला कसं माहीत?... आणि कुणी बाम लावलेलं माणूस येऊन गेलं का, असं मीच शेजारी विचारत होते."

मी त्यांना म्हणालो, लिफ्ट वापरू नका, कोणालाही वापरू देऊ नका. खालच्या वॉचमनशी बोललो. तो म्हणाला, "लेखी आणा, साहेबांच्या सहीचं. उगाच बंद केली तर वरचे माझा जीव खातील." बरोबरच होतं त्याचं. लिफ्ट बंद ठेवायची चिठ्ठी फक्त साहेब देऊ शकत होता, आणि ती मागायची तर मंगळवारचा शिक्का मी मारला हे कबूल करावं लागणार होतं. म्हणजे तिसरा मेमो.

त्या संध्याकाळी घरी जेवताना मी दादाला सांगणार होतो. शप्पथ सांगणार होतो. तो आमटी ओढत होता, नखांत वंगण तसंच. वडील मधेच म्हणाले, "साहेब भेटले होते. म्हणाले पोराची जीभ लांब आहे. तीन महिने तोंड उघडायचं नाही, कळलं? कायम होईपर्यंत मुकं व्हायचं."

"आणि काही चुकीचं दिसलं तर?"

"डोळे आहेत म्हणून दिसतं. मिटायचे. मी तीस वर्षं मिटले, काय बिघडलं माझं?"

काय बिघडलं ते माझ्यासमोर बसलं होतं, ताटात बघत, पण त्यांना ते दिसणार नव्हतं. दादा हसला आणि वडील हात धुवायला उठल्यावर त्याने हळूच विचारलं, "काय रे, चेहरा का पडलाय? गुरुजींचा शिक्का तर नाही ना वापरलास?"

"नाही," मी म्हणालो.

"बघ हं."

"नाही म्हटलं ना!"

त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मला ठाऊक होतं की त्याची उद्याची यादी दुसऱ्या भागातली आहे. ती इमारत त्याच्या यादीत नव्हती. म्हणून मला खोटं बोलणं परवडलं.

शुक्रवारी सकाळी मी खरा खुलासा लिहिला. शिक्का मी मारला, लिफ्ट कोणी पाहिलेली नाही, आजच बंद करा. मोबाइल डब्यात टाकला. बाईंना म्हटलं, "मला आत जायचंय, आत्ता."

"बाकावर बस."

"बाई, माणूस मरेल!"

"ओरडू नकोस. दार ढकलून गेलास तर साहेब तो कागद वाचणारच नाहीत. फाडून टाकतील, तुला हाकलतील, आणि मग ती लिफ्ट कोण बंद करणार? बस. बोलावतील." त्यांनी पत्र्याच्या डब्याचं झाकण लावलं. "मी ओळखते त्यांना."

अकरा वाजता मी बाकावर बसलो. डाव्या बाजूला. उजवी बाजू मी मोकळी सोडली. का ते मला विचारू नका.

केबिनचं दार पातळ प्लायचं होतं. आतून साहेबाचं हसणं ऐकू येत होतं, कोणाशी तरी फोनवर. अर्धा तास गेला. मी अंग हलवलं. टक. आतून साहेब म्हणाला, "हां हां, बसा." पुन्हा हसणं. मग साहेबाचा आवाज बदलला, कामाचा झाला. "हो, तिथलं तेलपाणी पण उरकून टाक की आजच. शीट आहे ना क्लियर? मग? कशाला फाटे फोडतोस, एकच्या आत आटप."

कोणाशी बोलत होता ते मला कळलं नाही. हे मी वर्षभर स्वतःला सांगतोय. कळलं नाही. कोणाशीही असेल.

त्याच वेळी बामाचा वास आला. आधी पुसट, मग एवढा दाट की डोळ्यांत चुरचुरलं. भर दुपार, डोक्यावर तीन ट्यूबलाइट, समोर चार माणसं कागदात माना घालून. आणि माझ्या उजवीकडे बाकाची फळी हळूच दबली. जसं वयस्कर माणूस गुडघ्यावर हात टेकून बसतो तशी, एका बाजूने आधी, मग पूर्ण. माझी बाजू किंचित वर उचलली गेली.

मी समोर बघत राहिलो. कोपऱ्यातून दिसत होतं ते एवढंच, एक गुडघा आणि त्यावर ठेवलेला दुमडलेला कागद. कागदाच्या कडा हाताळून हाताळून मऊ झाल्या होत्या, कापडासारख्या.

माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे. "किती वेळ लागतो हो... आत बोलवायला?"

उत्तर आलं. आवाज नव्हताच तो. कानाजवळची हवा जरा गार झाली, इतकंच.

"...मला दोन वर्षं झाली."

टक.

"...तू ऊठ."

मी बसून राहिलो. उठलो असतो तर नंबर गेला असता. तुम्ही हसाल. शेजारी मेलेला माणूस बसलाय आणि हा नंबर धरून बसलाय! पण त्या ऑफिसात पाच महिने काढून बघा. मी भुताला घाबरलो नव्हतो. मी साहेबाला घाबरलो होतो, बापाला घाबरलो होतो, 'हा पण टिकला नाही' हे शब्द ऐकायला घाबरलो होतो. भूत त्यांच्यापुढे काहीच नव्हतं. भूत तर मला ऊठ म्हणत होतं.

बाराला पाच कमी असताना माझ्या टेबलावरचा फोन वाजायला लागला.

बाकापासून टेबल बारा पावलांवर. फोन वाजला, थांबला. पुन्हा वाजला. शेजारच्या टेबलावरचा माणूस पट्टीने रेघा मारत होता. त्याने रेघ थोडी लांब ओढली, एवढंच. तिसऱ्यांदा वाजला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग केबिनच्या दाराकडे. हात उचलून त्यांनी परत मांडीवर ठेवला.

"...ऊठ रे... उचल," शेजारून आलं, आणि माझ्या मांडीला तो मऊ कागद टेकला. एवढा गार की कापडातून भाजल्यासारखं झालं.

चौथ्यांदा फोन वाजला, बराच वेळ. मग बंद झाला. आता पुन्हा वाजला तर उठायचं, असं मी ठरवलं. तो पुन्हा वाजला नाही. आणि बाकाची उजवी बाजू एकदम हलकी झाली, माझी बाजू धाडकन खाली आली. कोणीतरी घाईने उठून गेल्यासारखी. वास दाराच्या दिशेने गेला. जिन्यावर पावलं मात्र वाजली नाहीत.

साहेबाने मला सव्वा वाजता आत बोलावलं. मी कागद पुढे केला. त्याने तो वाचायच्या आधी त्याचा मोबाइल वाजला. तो ऐकत राहिला, आणि त्याचा चेहरा ओल्या कागदासारखा झाला. मग त्याने मला विचारलं, अगदी मऊ आवाजात, "तुझा भाऊ सेफ्टीचा पट्टा लावतो ना रे नेहमी?"

दादाची यादी सकाळी साडेअकराला बदलली होती. इमारत तीच. तेलपाण्याआधी त्याने शीट पाहिलं, गुरुजींचा शिक्का पाहिला आणि मला विचारायला फोन लावला. आधी मोबाइलवर तीनदा, मग टेबलावर चारदा. त्याच्या फोनमध्ये सगळं होतं. नंतर साहेबाने एकच्या आत आटप म्हटलेलं आठवलं असेल. चौथ्या मजल्यावर त्याने लिफ्टचं बटण दाबलं, दार उघडलं, आत अंधार. लिफ्टमधला दिवा गेलाय हे वॉचमनने त्याला आधीच सांगितलं होतं, म्हणून लिफ्ट समोर आहे असंच त्याला वाटलं. शिडीचं एक टोक वॉचमनच्या हातात, दुसरं दादाच्या. शिडी आत घेताना माणूस उलटा चालतो.

वॉचमन पोलिसांना म्हणाला की शेवटच्या पावलाआधी दादा एकदम थबकला होता, कोणीतरी मागून पाठीला हात लावून थोपवल्यासारखा. म्हणाला, "कोण आहे?" आणि वळला. पाय आधीच कडेच्या बाहेर होता.

पुढचं थोडक्यात. लाल वहीत नोंद झाली. नावाशिवाय चूक नाही, म्हणून नाव पडलं. दादाचं. कारण, सुरक्षा पट्टा न लावणे. माझा खुलासा साहेबाने बाईंसमोर फाडला आणि म्हणाला, "हे कुठे आलं होतं? मला तर आठवत नाही. बाई, तुम्हाला आठवतं?" बाईंना आठवलं नाही. साहेब आमच्या घरी आला, वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून बसला, आणि वडिलांनी सही करून दिली की आमची काही तक्रार नाही. "मोठं मन ठेवायचं," म्हणाले. "साहेबांनी सांभाळून घेतलं." माझ्या वडिलांना कोणी लाथ मारली तरी ते बुटाला पॉलिश आहे का बघतील. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोललेलो नाही.

नोकरी मी सोडली. तिसरा मेमो आला नाही कधी.

पंधरा दिवसांनी, दुपारी, बाई घरी आल्या. दारातच उभ्या राहिल्या, आत या म्हटलं तरी येईनात. पर्समधून एक पाकीट काढलं. "तुझ्या ट्रेमध्ये होतं," म्हणाल्या. "तिथे आता कोणी बसत नाही. पण... होतं."

"कशाबद्दल आहे?"

"साहेबांनी तुझ्या भावाला मेमो काढला होता." त्या रडत नव्हत्या, नुसत्या वाळलेल्या ओठांवरून जीभ फिरवत होत्या. "फाइल पूर्ण व्हायला हवी म्हणून. मी टाइप केला. त्याला... खुलासा आलाय."

मी पाकीट उघडलं. रेघांचा कागद, मधोमध दुमडलेला. यावेळी अक्षर टपोरं नव्हतं. वाकडं, डावीकडे झुकलेलं, दहावीत तीनदा मार खाऊनही न सुधारलेलं. कोपऱ्यात वंगणाच्या अंगठ्याचा ठसा.

'विषय: पट्टा. पट्टा लावला नव्हता हे खरे. मागे पाहिले नाही हेही खरे. विचारायला फोन केला होता, धाकटा कामात असेल. चूक माझी. त्याचे नाव यात घालू नये. साहेबांनी अजून आत बोलावलेले नाही. आम्ही दोघे बाकावर आहोत. कळावे.'

मी वर पाहिलं तेव्हा बाई जिना उतरत होत्या, कठड्याला धरून, पायरी पायरी. बाक आता दोनदा वाजतो, एवढंच त्या खालून म्हणाल्या. एकदा एका टोकाला, एकदा दुसऱ्या.

तो कागद माझ्या खणात आहे. शाई अजून वाळलेली नाही. कोणी हात लावला तर लागते.

मला एकच भाऊ होता. एकतीस वर्षांचा. तो गेला.